दोराचं दुसरं टोक

ही घडलेली गोष्ट आहे. ऐकीव नाही, आणि रचलेली तर मुळीच नाही.

शपथा घालून सांगणं मला आवडत नाही. ज्या तोंडानं सकाळ-संध्याकाळ देवाचं नाव घ्यायचं, त्या तोंडानं खोटं बोलायचं नाही, एवढं मी पाळते. घडलं ते माझ्या दिरांच्या बाबतीत. त्यांनी ते आधी जाऊबाईंना सांगितलं आणि नंतर एकदा मला, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून. मी माझ्या पदरचं त्यात काही घातलेलं नाही.

आणि हो, रात्र नव्हती.

अमावास्या नव्हती, वादळ नव्हतं. लख्ख दुपार होती. बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्याशेजारी एक दुमजली इमारत आहे, तिच्या वरच्या मजल्यावर भाऊजींचं ऑफिस. दोन टेबलं, एक लोखंडी कपाट, छताला कुरकुरणारा पंखा आणि समुद्राकडे उघडणारी एकच खिडकी. खाली दिवसभर बर्फ फोडायचं यंत्र धडधडत असायचं. एवढा गोंगाट, की फोनवर बोलताना दुसऱ्या कानात बोट घालावं लागे.

तो गोंगाट लक्षात ठेवा. कारण सगळं सुरू झालं, ते तो गोंगाट नाहीसा झाला तेव्हा...

भाऊजी ज्या कंपनीत होते, ती समुद्राच्या तळावरच्या वायरी सांभाळायची. आपण परदेशी फोन लावतो, पैसे पाठवतो, फोटो पाठवतो, ते सगळं आभाळातून जातं असं मला वाटायचं. भाऊजी हसले होते. म्हणाले, "वहिनी, आभाळातून कसलं? समुद्राच्या तळाशी मनगटाएवढी एक वायर पडलेली आहे चिखलात. सगळं जग तिच्यातून बोलतं." बाजूनं एक गॅसची पाइपलाइनही जायची. पण भाऊजींचा जीव त्या वायरीत.

ते स्वतः पाण्यात घोट्यापर्यंतही उतरत नसत. त्यांचं काम माणसांशी. मासेमारीच्या बोटी तळ खरवडत जाळी ओढतात. जाळं वायरीत अडकलं आणि बोटवाल्यानं जोर लावला, की वायर तुटते आणि दोन देशांचं बोलणं बंद. म्हणून दर मोसमाच्या सुरुवातीला भाऊजी धक्क्यावर खुर्ची टाकून बोटवाल्यांना कायदा समजावायचे. सगळ्या देशांनी मिळून केलेला कायदा. भाऊजी तो असा सांगायचे:

"समुद्राखाली वायर टाकायचा हक्क सगळ्यांना आहे. ती मुद्दाम तोडली, नाहीतर बेपर्वाईनं तोडली, तर तुरुंग. पण जाळं अडकलं आणि वायर वाचवायला तुम्ही ते कापून सोडलंत, तर नवं जाळं कंपनीकडून. ओढायचं नाही. कापायचं. आणि यायचं माझ्याकडे."

पूर्वी ते आणखी एक वाक्य बोलायचे. "आणि जीव वाचवायला, बोट वाचवायला वायर तुटलीच, तर तो गुन्हा नाही."

त्या वर्षी मुख्य ऑफिसनं नवं पोस्टर छापलं. त्यात ते चौथं कलम नव्हतं. वरचे साहेब फोनवर म्हणाले होते, "अहो, ती सूट कशाला शिकवता त्यांना? उद्या जो उठेल तो म्हणेल, मी जीव वाचवत होतो." भाऊजींना ते पटलं असं नाही. पण पोस्टर सुटसुटीत दिसत होतं. त्यावर एक बोट, एक दोर, एक सुरी. भाऊजींनी ते धक्क्यावर चिकटवलं आणि पोस्टरवर होतं तेवढंच सांगितलं.

नियमानं भरपाई मागायला येणाऱ्याला कापलेल्या दोराचं टोक आणून दाखवावं लागे. बोटीकडचं टोक. सुरीनं कापलेलं टोक सपाट असतं. ओढून तुटलेलं टोक दाढीसारखं पिंजारलेलं. सपाट असेल तर भरपाई, पिंजारलेलं असेल तर चौकशी.

त्या दुपारी भोंगा आला.

भोंगा म्हणजे एका बोटीचा मालक आणि कप्तान. आवाज असा, की तो धक्क्यावरून हाक मारायचा आणि खाडीपलीकडचे कुत्रे भुंकायचे. म्हणून भोंगा. त्याचं खरं नाव बंदरावर कोणी घेतच नसे.

तो आला तो हळूच. दार कधी उघडलं कळलंही नाही.

"साहेब, जाळं वायरीत अडकलं. कापलं."

कुजबुजल्यासारखा बोलला. टायपिंगला बसणाऱ्या बाईंनी मान वर केली. या बाईंना बंदरावर सगळे 'माहिती खातं' म्हणत, कारण कोणाच्या घरी काय शिजतं ते त्यांना आधी कळे.

"अगं बाई! भोंग्याची बॅटरी उतरली की काय आज?" त्या म्हणाल्या. "आवाज कुठे ठेवून आलास रे?"

भोंगा हसला नाही. त्यानं हातभर दोर भाऊजींच्या टेबलावर ठेवला. अंगठ्याएवढा जाड, हिरवा. टोक सपाट, सुरीनं कापलेलं.

"शाब्बास," भाऊजी म्हणाले. "याला म्हणतात शहाणा बोटवाला. वायरीला ओरखडा नाही. जाळं मिळेल तुला."

"हो साहेब."

"घरी कसं सगळं?"

"छोटीचा नवरा गेला, साहेब." छोटी म्हणजे त्याची धाकटी बहीण. तिचा नवरा भोंग्याच्याच बोटीवर कामाला होता. "पडला बोटीवरून. सापडला नाही."

भाऊजी उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवायला गेले. भोंगा मागे सरला.

"कधी रे?"

"त्याच दिवशी."

भाऊजींनी पुढे विचारलं नाही. दुःखातल्या माणसाला काय खोदून विचारायचं, असं त्यांना वाटलं. भोंगा खाली मान घालून निघून गेला. माहिती खातं पदरानं डोळे पुसत म्हणालं, "लग्नाला वर्ष नाही झालं हो पोरीच्या."

दोर टेबलावर राहिला.

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी कुलूप उघडलं, तेव्हा टेबलावर पाणी होतं.

पंखा बंद, खिडकी बंद, छत कोरडं. दोराखाली मात्र थारोळं. भाऊजींनी बोट लावून जिभेला लावलं.

खारट...

"दोर ओला होता, त्यातलं पाझरलं असेल," ते म्हणाले.

"काल तर खडखडीत वाळलेला होता," बाई म्हणाल्या. "मी उचलून बाजूला ठेवला ना, वरणाची वाटी ठेवायला."

टेबल पुसलं. दोर खिडकीत वाळत टाकला. दुपारी हात लावला, तर पुन्हा ओला. असं रोज होऊ लागलं. बाईंनी टेबल पुसायचं सोडलं. आपलं मशीन उचलून त्या भिंतीच्या बाजूला गेल्या. म्हणाल्या, "मला सर्दी होते." त्यांना सर्दी झालेली आजवर कोणी पाहिली नव्हती.

मग आली ती दुपार.

बाई जेवायला गेल्या होत्या. भाऊजी काहीतरी लिहीत बसले होते. खाली यंत्र धडधडत होतं. वर पंखा कुरकुरत होता. आणि...

सगळं थांबलं.

पंखा फिरत होता. डोळ्यांना दिसत होता. पण आवाज नव्हता. खाली माणसं फावड्यानं बर्फ ओढत होती, तोंडं हलत होती. आवाज नाही. पाण्यात बुडी मारल्यावर कान जसे भरून येतात, तसं झालं. भाऊजींनी घसा खाकरला. तोही ऐकू आला नाही.

त्या शांततेत एकच बारीक आवाज होता.

ताणलेल्या तारेसारखा. गुणगुणल्यासारखा.

भाऊजींनी मान वळवली. दोर...

हातभर दोराचा तुकडा टेबलावर पडला, तर तो कसा पडेल? सैल. वाकडा. काल तसाच होता. आता तो सरळ होता. पट्टीसारखा सरळ. एक टोक भाऊजींच्या बाजूला, कापलेलं टोक खिडकीकडे, समुद्राकडे. आणि दोन्ही बाजूंनी कोणी खेचून धरावा तसा ताठ. त्याच्या पिळांतून पाणी निथळत होतं. भार आलेल्या दोरातून निथळतं तसं.

भाऊजींनी तो उचलायला हात घातला.

आला नाही.

दोन्ही हातांनी धरला, तेव्हा हलला. पण त्यांच्याकडे आला नाही. खिडकीकडे गेला. वीतभर. भाऊजींना घेऊन.

त्यांनी हात सोडला. त्याच क्षणी पंख्याचा, यंत्राचा, माणसांचा आवाज एकदम कानांवर कोसळला. दोर वाकडातिकडा पडलेला होता. तळहातांवर पीळ उमटले होते.

"काय हो, भूत बघितल्यासारखं तोंड झालंय," डबा हलवत आलेल्या बाई म्हणाल्या. मग त्यांनी भाऊजींचे तळहात पाहिले. माहिती खातं गप्प बसलेलं त्या इमारतीनं प्रथमच पाहिलं.

भाऊजींनी दोर लोखंडी कपाटात टाकला आणि किल्ली फिरवली.

त्यानं काय होणार? दुसऱ्या दिवसापासून कपाट सरकू लागलं. चार माणसांनी ढकललं तरी हलत नसे असं ते कपाट. रोज दुपारी थोडं. खिडकीच्या दिशेनं. फरशीवर त्याच्या पायांचे ओरखडे.

जाऊबाईंनी घरी विचारलं, "जेवत का नाही तुम्ही? भाजीत मीठ जास्त झालंय का?"

"सगळ्यातच झालंय," भाऊजी म्हणाले. "पाण्यातसुद्धा."

जाऊबाईंनी पाणी चाखून पाहिलं. गोडच होतं. त्या रडल्या. मला सांगतानाही रडल्या.

मग वायरीच्या स्टेशनवरच्या इंजिनिअरचा फोन आला. ती वायर जिथे किनाऱ्यावर येते, तिथे यंत्रं असतात. वायरीला कुठे धक्का लागला तर किनाऱ्यावर कळतं. इंजिनिअर तरुण, भाऊजींना काका म्हणणारा.

"काका, त्या भोंग्यानं जाळं कापलं ना, त्याच जागी काहीतरी हलतंय."

"प्रवाह असेल. जाळं तिथेच अडकलेलं आहे ना."

"प्रवाह असा नसतो हो. हे थांबून थांबून आहे. ओढल्यासारखं. ओढतं, थांबतं. दमल्यासारखं थांबतं. मग परत." तो हसायचा प्रयत्न करत होता. "वरच्यांना कळवलं. ते म्हणाले मोठा मासा असेल. काका... एवढे दिवस कोणता मासा दम खाऊन ओढतो?"

भाऊजींनी फोन ठेवला आणि भोंग्याला बोलावणं पाठवलं.

तोवर पंधरवडा उलटून गेला होता. भोंगा आला तो निम्मा झालेला. गालफडं बसलेली. बाईंनी त्याच्यापुढे चहा ठेवला आणि कधी नव्हे त्या स्वतःहून बाहेर गेल्या.

"त्या दिवशी काय झालं, सगळं सांग," भाऊजी म्हणाले.

भोंग्यानं चहाकडे बघत सांगितलं. जाळं अडकलं. बोट गचकन थांबली. सैल पडलेल्या दोराचं वेटोळं सर्रकन ताणलं गेलं. छोटीच्या नवऱ्याचा पाय त्या वेटोळ्यात होता.

"तो गेला दोराबरोबर. ओरडलासुद्धा नाही. दोर सरळ खाली, ताठ. आणि दोराला हिसके येत होते, साहेब. आमच्यात तीन हिसके म्हणजे 'वर घे'. तो तीन हिसके देत होता. परत तीन. परत तीन."

भाऊजी पुढे झुकले. "मग? ओढलं का नाही?"

भोंग्यानं मान वर केली. त्याला प्रश्नच कळला नव्हता.

"तुम्हीच सांगितलेलं ना, साहेब? काहीही झालं तरी ओढायचं नाही. दोर वायरीत अडकलेला. ओढला तर वायर तुटणार. बोट जाणार, मी तुरुंगात, छोटीला कोण बघणार? मला वाटलं, कापला की ताण जाईल, पाय सुटेल, तो वर येईल. मी थांबलो तिथे. अंधार पडेपर्यंत थांबलो."

मग त्यानं विचारलं. लहान मूल मास्तरांना विचारतं तसं.

"मी नियम पाळला ना, साहेब?"

भाऊजी मला म्हणाले, "वहिनी, त्या वेळी 'हो' म्हणणं किती सोपं होतं. तो घरी जाऊन झोपला असता. नवं जाळं मिळालं असतं. मीही झोपलो असतो."

पण त्या वेळी कपाटातून गुणगुण सुरू झाली. पंख्याचा आवाज विरत गेला. यंत्राचाही. खोलीभर शांतता भरत चालली, जणू कोणी उत्तर ऐकायला कान दिला होता...

"नाही," भाऊजी म्हणाले. "माणूस वाचवायला वायर तोडली असतीस, तरी तुला कोणी हात लावला नसता. कायद्यात तसं आहे. आधीपासून आहे. मी या वर्षी सांगितलं नाही."

भोंगा त्यांच्या ओठांकडे बघत राहिला.

"म्हणजे ओढलं असतं तर चाललं असतं?"

"हो."

तो भाऊजींना मारेल असं वाटलं. त्यानं मारलं नाही. तो उठून कपाटापाशी गेला. "इथे आहे ना तो?" त्यानं विचारलं. भाऊजींनी किल्ली दिली. कपाट उघडलं. दोर आतल्या बाजूला, समुद्राकडच्या पत्र्याला चिकटून ताठ उभा होता. भोंग्यानं तो मुठीत धरला.

त्याचा हात हलला.

एक. दोन. तीन.

थांबला. आणि पुन्हा...

"माझ्याही हातात दे," भाऊजी म्हणाले. त्यांनीही धरला.  पलीकडे कोणीतरी होतं. जिवंत माणसाच्या हाताला जशी ओढ असते, धीर सुटत आलेल्या माणसाच्या हाताला, तशी.

भोंग्यानं दोर खाली ठेवला. दारापाशी गेला. आणि किती दिवसांनी त्याचा खरा आवाज फुटला. सगळं बंदर ऐकेल असा.

"आलो रे!"

त्या आवाजानं खिडकीची काच थरथरली.

भाऊजींनी त्याला अडवायला हवं होतं. कंपनी त्यांना त्याचाच पगार देत होती. ते खिडकीत उभे राहून बघत राहिले. भोंग्यानं चार दातांचा लोखंडी आकडा बोटीवर चढवला. बुडालेलं सामान वर काढतात तो. एका खलाशाला घेतलं. बोट निघाली. दुपारचं ऊन पाण्यावर भगभगत होतं.

भाऊजी ऑफिसात बसून राहिले. बाई आल्या, मुकाट्यानं शेजारी खुर्ची ओढून बसल्या.

सूर्य कलला, तेव्हा फरशीवरचा दोर वळवळला आणि सैल पडला. मेलेल्या सापासारखा. आणि त्याच वेळी फोन वाजला.

"काका, वायर गेली!" इंजिनिअर ओरडत होता. "तुटली! त्याच जागी!"

पुढचं सगळं चौकशीत बाहेर आलं.

भोंग्यावर मुद्दाम वायर तोडल्याचा आरोप होता. आकडा टाकला, वायर उचलली, यंत्रानं ओढत राहिला, तुटेपर्यंत ओढत राहिला. त्यानं सगळं कबूल केलं. तुरुंग नक्की. बोट जप्त. छोटीला दुसरं कोणी नव्हतं. ती मागच्या बाकावर बसून होती, हात मांडीवर. बंदर अधिकारी म्हणून एक रुक्ष, चष्मेवाले गृहस्थ होते. चौकशी त्यांच्यापुढे.

कंपनीच्या वकिलांनी भाऊजींना आधीच बजावलं होतं. "एकच प्रश्न येईल. माणूस पंधरवड्यापूर्वी बुडाला होता, म्हणजे वाचवायला कोणी नव्हतंच. म्हणजे सूट लागू नाही. तुम्ही एवढंच म्हणायचं, तो मेला आहे हे भोंग्याला माहीत होतं. संपलं."

भाऊजी उभे राहिले.

"एखादा माणूस समुद्राच्या तळाशी इतके दिवस जिवंत राहू शकतो का?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"नाही साहेब."

"मग भोंगा कोणाला वाचवायला गेला होता?"

वकील मान डोलावत होते. भाऊजींनी छोटीकडे पाहिलं.

"दोराला ओढ होती, साहेब. मी माझ्या हातांनी धरला. तीन हिसके येत होते. मेलेला माणूस हिसके देत नाही. तो जिवंत होता. मी हे शपथेवर सांगतो."

वकील ताडकन उठले. "यांच्या डोक्यावर परिणाम झालाय!"

"बसा," अधिकारी म्हणाले.

मग इंजिनिअर आला. घाबरत घाबरत त्यानं यंत्राचा कागद दाखवला. जाळं कापलं त्या दिवसापासून वायर तुटेपर्यंत, त्या जागी काहीतरी ओढत होतं. तीन-तीनदा.

शेवटी भोंग्याला विचारलं, "वर काय आलं?"

"जाळं आलं, साहेब. मासा नाही, खेकडा नाही. रिकामं. आणि दोर आला. त्याच्या पायाला बसलेलं वेटोळं तसंच होतं. गाठ पडलेली. तिथे माणूस नव्हता."

"गाठ तुटली होती?"

"नाही साहेब." भोंग्याचा आवाज पुन्हा बसला. "आम्ही बोटीवर ओढून घेईपर्यंत आवळलेली होती. बोटीवर आली... आणि सुटली. कोणीतरी बोटांनी सोडवावी तशी. माझ्यासमोर. मग फळीवर ओल्या पावलांचा आवाज आला. आम्हा दोघांना ऐकू आला. पुढे केबिनपर्यंत गेला."



अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला.  मग शांतपणे म्हणाले, "मी भुताखेतांवर निर्णय देत नाही. पण प्रेत मिळालेलं नाही. कंपनीचा अधिकारी शपथेवर सांगतो की खाली जिवंत माणूस ओढत होता. कंपनीचंच यंत्र तेच सांगतं. तो माणूस नव्हता, तर कोण होतं, हे कंपनीनं सांगावं."

वकिलांना सांगता आलं नाही.

भोंगा सुटला. निर्णयात लिहिलं गेलं की वायर तुटली तेव्हा खाली अडकलेला माणूस जिवंत होता आणि त्याला वाचवण्यासाठी ती तुटली. भाऊजींची नोकरी त्याच आठवड्यात गेली. त्यांनी हरकत घेतली नाही. जाताना त्यांनी धक्क्यावरच्या प्रत्येक पोस्टरखाली स्वतःच्या हातानं ते चौथं कलम लिहिलं.

इथे संपलं असतं, तर मी लिहायला बसले नसते.

काही दिवसांनी छोटी भाऊजींच्या घरी आली. जाऊबाईंनी तिला पाणी दिलं. ते तिनं हातात धरून ठेवलं, प्यायली नाही. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला काढायला ती बंदर ऑफिसात गेली होती. त्यांनी दिला नाही.

"ते म्हणतात, 'बाई, आमच्याच निर्णयात लिहिलंय तो त्या दिवशी जिवंत होता. त्यानंतर तो मेलेला कोणी पाहिला नाही. आम्ही दाखला कसा देणार?'"

भाऊजी तिच्यासमोर येऊन बसले.

"साहेब, तुमच्यामुळे माझा भाऊ घरी आहे. तुमचे उपकार फिटायचे नाहीत." तिचा आवाज अगदी साधा होता. "मला फक्त एक सांगा. तुम्ही शपथेवर सांगितलंत, तो जिवंत होता. दादानं त्याला बोटीवर घेतलं. पावलं ऐकू आली. बोट धक्क्याला लागली."

 घराच्या दाराकडे बघितलं तिनं.

"मग तो घरी का नाही आला? कुठे उतरला?"

  मी रोज दिवा लावते, तेव्हा त्या माणसाचंही नाव घेते. फक्त काय मागावं ते कळत नाही. गेलेल्यासाठी मागावं, की वाटेत असलेल्यासाठी...